आक्काच्या हातातलं पुस्तक

मंडळी, आज कोरेगावजवळच्या एका शाळेला गोष्टींची पुस्तकं द्यायला गेलो होतो. सोबत माझी थोरली बहीण होती, आक्का.

चौथीतली एक मुलगी पुस्तक घेऊन तिच्याजवळ आली. "आवं आजी, वाचून दावा की."

आक्का चित्रं बघत गोष्ट सांगायला लागली. मुलगी जरा वेळानं म्हणाली, "आजी, ह्यात असं लिवल्यालं न्हाई."

आक्का ओशाळली. "लय वर्सं झाली गं. इसारले."

१९६५ च्या आसपास हिनंच मला चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायला शिकवलं. मी शाळेत जाऊ लागलो आणि म्हशींमागं जायला हिची शाळा सुटली.

गावोगावच्या शाळांना मी पुस्तकं वाटतो. आक्काला आजवर एकही दिलं नाही.

सांगा, आजचे फोटो कुठल्या तोंडानं टाकू?