गोल विहिरीच्या अक्का

काठावर सूप घेऊन तुरीची डाळ निवडता निवडता अक्का पाण्यातल्या मुलीला विचारायच्या, "काल रातच्याला कालवण काय केलं व्हतं गं तुमच्यात?" आणि आपण पोहता पोहता उत्तर द्यायचं. नुसतं "वांगं" म्हणून भागत नसे. भरलं होतं की चिरलेलं, कूट किती, नावं कुणी ठेवली, सगळं सांगावं लागे. उत्तर तुटक आलं की अक्का म्हणायच्या, "दम पळतोय तुजा. हळू हो. पर थांबू नगं." पोहण्याचं एवढंच शास्त्र त्यांच्याकडे होतं आणि त्यांना ते पुरेसं वाटत होतं.

भवानी पेठेत त्यांच्या घरचं भुसाराचं दुकान होतं, आणि शहराबाहेर थोडं शेत. त्या शेतात ती गोल, बांधीव विहीर. अक्का अंगाने भरदार, गळ्यात लिंग, नेसायला इरकली लुगडं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि राग आला की समोर कोण आहे हे न बघता पुन्हा कन्नड. दुष्काळ सरून विहिरी भरल्या तशा त्या पेठेतल्या मुलींना गोळा करून पोहायला नेऊ लागल्या. कुणाची आई कुरकुरली की म्हणायच्या, "पाण्याला काय भ्यायचं? पाणी सासू हाय का?" यावर आईलाच हसू येई आणि मुलगी सुटे.

मी मिलमधल्या कारकुनाची थोरली मुलगी, हडकुळी. टायफॉइडमधून उठल्यापासून जिना चढताना मला धाप लागायची. पहिल्या दिवशी पाठीला पत्र्याचा डबा बांधून अर्धी फेरीसुद्धा झाली नाही, मी पायरी घट्ट धरली. अक्कांनी बोटं सोडवली नाहीत की रागावल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. उद्या पुढची पायरी धर," एवढंच म्हणाल्या. दर सोमवारी मात्र एक फेरी वाढलीच पाहिजे. "देवाचा वार हाय, कंजुषी करायची न्हाय." दिवाळीपर्यंत डबा सुटला. त्यांचं सूपभर निवडून व्हायचं तरी मी पाण्यातच असायची, आणि वर घरातल्या भांडणाचं इत्थंभूत वर्णन करत असायची. बाहेर आलं की कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तशी भूक मला पुढे कधी लागली नाही.

मॅट्रिकनंतर मला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, टेंभुर्णीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. "जिना चढवत नाही आणि कवायत शिकवणार!" ते म्हणाले. अक्का तेव्हा आमच्याकडे तीळगूळ द्यायला आल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नाना, पुढच्या महिन्यात तलावात पोहायची शर्यत हाय. ही पार करून आली तर?" नाना हसले. "आली तर घालतो कॉलेजात. नाही आली तर टेंभुर्णी." मला हसू आलं नाही. अक्का वाटी उचलून निघाल्या आणि दारातून मला म्हणाल्या, "उद्या लवकर ये."

शर्यतीच्या दिवशी तलावात उतरले आणि मजेत हात मारत निघाले. दमाची काळजीच नव्हती. बऱ्याच वेळाने मान वर काढली तर बाकीच्या मुली लांब उजवीकडे, आणि मी एकटी डाव्या बंधाऱ्याच्या दिशेने! इतके महिने गोल विहिरीत एकाच अंगाने फेऱ्या मारलेल्या. भिंत होती तोवर कळलं नाही. भिंत गेली तरी अंग आपलं डावीकडेच वळत राहिलं. सरळ व्हावं तर चार हात मारले की पुन्हा तेच. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात बंधाऱ्यावर पिवळं लुगडं धावताना दिसलं आणि आवाज आला, "बलक्के! बलक्के!" बलक्के म्हणजे उजवीकडे. एवढं कन्नड मला येत होतं. त्यानंतर मी श्वास घ्यायला तोंड वळवलं की अक्का दिसायच्या, निऱ्या वर खोचून पळणाऱ्या, आणि मी वळायची. त्या ओरडायच्या नि मी वळायची, असा नागमोडी तलाव पार करून मी सगळ्यांच्या मागून काठाला लागले. माझ्यापेक्षा अक्कांनाच जास्त धाप लागली होती.

"चूक माजी हाय," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "हीर गोल हाय, ह्ये मीच इसरले."

नाना टॉवेल घेऊन उभे होते. "शेवटचा नंबर," ते हळूच म्हणाले. अक्का कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर गेल्या. "नंबराचं बोलणं कुटं झाल्तं, नाना? पार करायचं बोलणं व्हतं. समद्या सरळ आल्या, ही वाकडीतिकडी आली. सगळ्यात जास्त पाणी हिनंच कापलंय. बगा की, हुबी हाय नीट. बोला तिच्याशी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "दमलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "भूक लागलीय. सकाळी आईनं नुसता चहा दिला, पोहे शेजारच्या काकूंना गेले आणि—"

मी एका दमात सगळं सांगत गेले आणि नाना ऐकत राहिले. मग टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ते अक्कांकडे वळले. टेंभुर्णीचं नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी काढलं नाही.

"अक्का," ते म्हणाले, "धाकटीला कधीपासून पाठवू?"