तिसरं कडवं

शाळेत त्यांना सगळे पट्टीच्या बाई म्हणत. हातात कायम लाकडी पट्टी असायची, पण ती कुणाच्या तळहातावर कधी पडली नाही. टेबलावर ताल धरण्यापुरतीच. गळाही पट्टीचा, आणि स्वभाव असा की एकदा लावलेली पट्टी कुणाच्या बापासाठी खाली यायची नाही.

त्या वर्षी नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. बाईंनी गिरणीचं गाणं निवडलं. फार पूर्वी सूतगिरणीतल्या बायकांनी, तान्ह्या पोरांना पाजायला संध्याकाळी घरी सोडा म्हणून काम थांबवलं, तेव्हा मालकानं फाटकाला बाहेरून कुलूप ठोकलं. रात्रभर आत अडकलेल्या बायकांनी तिथंच हे गाणं रचलं. बाईंच्या सासूबाई त्या रात्री भिंतीबाहेर उपाशी रडणाऱ्या तान्ह्यांपैकी एक. “मला काय आठवणार, कपाळ!” त्या म्हणायच्या. “पण आई भांडी घासताना हेच गायची. भांडी पार चेपायची.”

मुलांनी गाणं दोन दिवसांत पाठ केलं आणि पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं.

‘दार उघडा, दार उघडा, दूध दाटलं उराशी,
लेकरू माझं भिंतीपल्याड, झोपेल कसं उपाशी?’

सगळ्यांत मोठा आवाज भोंगा नावाच्या मुलीचा. नाव वर्गानंच ठेवलेलं. बाईंनी तिला थांबवलं. “हे तू कुणाला म्हणतेयस?”

“कुणालाच नाही बाई. गाणं म्हणतेय.”

“तिथंच तर घोडं पेंड खातंय.”

त्यांनी अर्धा वर्ग बाहेर काढला आणि दार ओढून घ्यायला सांगितलं. बाहेरच्यांनी दार धरून ठेवायचं, आतल्यांनी गायचं. दार उघडावंसं वाटलं तरच उघडायचं. बाई स्वतः आत राहिल्या. आधी दोन्हीकडून खिदळणं. पहिल्या खेपेला दार हललं नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. भोंगानं बेंबीच्या देठापासून ओरडून पाहिलं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, “कान फुटले, पण दार नाही उघडणार!”

भोंगा चिडली. मग दाराला तोंड लावून तिनं ती ओळ अगदी हळू म्हटली, पलीकडे एकच माणूस असल्यासारखी. बाकीचे तिच्यामागून आले. हसणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या एका मुलीचे डोळे भरलेले होते.

“आता जमलं,” बाई म्हणाल्या. “विनवणी हळू होते. तिसऱ्या कडव्यात त्या विनवत नाहीत, सांगतात. तिथं आवाज सोडा.”

‘सूत तुटलं तर जोडू आम्ही, पाठ मोडली तर कोण जोडी?
कुलूप तुमचं, हात आमचे, बघू कोण कुणाला सोडी!’

हे कडवं मुख्याध्यापकांनी तालमीत ऐकलं आणि बाईंना बोलावून घेतलं. “अहो, पाहुणे कोण आहेत ठाऊक आहे ना? त्या मालकांचे नातू. सभागृह त्यांनीच बांधून दिलंय. दोन कडवी घ्या, हसऱ्या चेहऱ्यानं. जुनी मढी कशाला उकरायची?”

“दूध दाटलेली बाई हसत हसत दार ठोठावत नाही, सर.”

“मग गाणंच रद्द. फक्त स्वागतगीत.”

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं. “अर्धी हजामत करून कुणी न्हाव्याकडून उठतं का? म्हणायचं तर सगळं म्हणा.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना खरं ते सांगितलं. “गायलो तर बोलणी बसतील. ती मी खाईन. पण ज्याला नको असेल त्यानं आत्ताच सांगा, मी रागावणार नाही.” एका मुलानं नको म्हटलं. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला फक्त स्वागतगीतात घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी स्वागतगीत संपलं, टाळ्या झाल्या, तो मुलगा खाली उतरला. बाकीचे हलले नाहीत. बाईंनी पट्टी उचलली. पहिलं कडवं इतकं हळू आलं की मागच्या रांगांनी खुर्च्या सरकवणं थांबवलं. दुसऱ्यात मुख्याध्यापक उठले, विंगेत गेले आणि पडदा पाडला.

जाड, कोरा करकरीत पडदा. गाणं मध्येच तुटलं. मग भोंगा एक पाऊल पुढे आली, पडद्याला नाक लागेल इतकी, आणि तिनं तिसरं कडवं उचललं. अख्खा वर्ग तिच्यामागे. बंद पडद्यामागून आलेला तो आवाज सभागृहभर घुमला. पाहुणे मान खाली घालून बसून राहिले. टाळ्या आधी मागून आल्या, मग सगळीकडून.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, पण त्यांना कमी ऐकू यायचं. परतताना रस्त्यात त्या अडून बसल्या. “पडदा पडल्यावर काय म्हणाली पोरं? मला नीट सांग.” मग बाईंनी भर चौकात, त्यांच्या कानाशी, अख्खं कडवं खणखणीत गायलं. सायकलवाले थांबले. सासूबाई म्हणाल्या, “आई याहून जोरात म्हणायची.”

सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंना लेखी माफी मागायला सांगितलं.

“मागते की,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कडव्यात मुलांचा सूर चढला. ती चूक माझी. बाकी कशाची मागू?”

त्यांचा गाण्याचा तास काढून घेतला आणि कवायतीचा दिला. बाईंनी तो बिनतक्रार घेतला. मैदानावर पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना ताठ उभं केलं, खांदे सैल सोडायला लावले आणि म्हणाल्या, “श्वास पोटातून. आणि पावलं टाकताना तोंड बंद ठेवायचं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.”