सात मिरच्या आणि जुईचा ठसका

दृष्ट, करणी, उतारा... या शब्दांचीच मला चीड येते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलंय ते घडलंय.

आम्ही नगरला सावेडीत राहतो — मी आणि माझी आई, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माझी मुलगी जुई चार वर्षांची असताना तिचा बाप जर्मनीहून सुट्टीवर आला. "चार दिवस श्रीगोंद्याला आजीकडे नेतो," म्हणाला आणि पोरीला घेऊन थेट विमानात बसला. तिचे फ्रॉक इस्त्री करून बॅग मीच भरून दिली होती! तिचा पासपोर्ट त्याने कपाटातून कधी काढला, कळलंही नाही. नगरच्या कोर्टाबाहेर सासूबाई मलाच म्हणाल्या, "पोर बापाकडंच हाय की. कुत्र्या-मांजरानं न्हेलीय व्हय?" वर प्रसाद म्हणून पेढा पुढे केला... पेढा!

तीन वर्षं इकडचं कोर्ट, तिकडचं कोर्ट चाललंय. तिकडे त्याने शपथेवर लिहून दिलं — मुलीला आई आठवत नाही, मराठी येत नाही. शेवटी तिथल्या कोर्टाने दर शनिवारी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल दिला. तिकडे जुईसमोर एक अधिकारी आणि एक मराठी दुभाषी बाई बसायच्या. जुई मला ओळखते हे त्यांना दिसलं, तरच केस पुढे सरकणार होती. पहिले चार कॉल पोर गप्प. मागे बाप हाताची घडी घालून हसत उभा. त्या हसण्याची मला शिसारी यायची.

आई मूळची पारनेरकडची. दर शनिवारी दिवेलागणीला ती जुईच्या जुन्या फ्रॉकवरून मीठ, मोहरी आणि सात मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकते. मिरच्या जळूनही घरात कुणाला ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर, असं तिचं म्हणणं. पाचव्या कॉलची वेळ नेमकी तीच आली. मी वैतागून म्हणाले, "तुझा तो धूर स्वयंपाकघरात दार लावून कर."

मी बेडरूममध्ये, तेही दार बंद. "जुई, शाळेत काय शिकवलं गं?" आणि एकदम पोरीला ठसका लागला. नाक लाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. अधिकाऱ्याने पाणी दिलं. नाक चोळत ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, आजीला सांग ना... मिरच्या नको जाळू."

दुभाषी बाई चमकून वास घेऊ लागल्या. बापाचं हसणं थांबलं.

कॉल संपताच मी स्वयंपाकघरात धावले. तव्यावर सातही मिरच्यांचा कोळसा, खोलीभर धूर... आणि मला ठसका नाही, आईला नाही.

"लई दृष्ट हुती बघ पोरीला," आई म्हणाली.

वकिलांनी 'मुलगी आईशी मराठीत बोलली' एवढंच घेतलं. "ठसका कोर्टात कसा लिहू, ताई?" बापाने मात्र लिहिलं — आईचं घर अंधश्रद्धाळू, तिथे मुलीला धोका. पोर पळवणारा धोक्याच्या गोष्टी करतो! थू.

लहानपणची आठवण असेल, योगायोग असेल... मी स्वतःला सगळं समजावून पाहिलं. पण पुढचे तीन शनिवार तसंच झालं. तिकडे तिला ठसका, इकडे आम्हाला काही नाही. आणि ठसका ओसरला की कॉल संपेपर्यंत तिची बडबड.

गेल्या शनिवारी मात्र मिरच्या तव्यावर पडल्या आणि आम्ही दोघी खोकून खोकून बेजार झालो. आईला कोण आनंद! "उतरली गं एकदाची!" त्या दिवशी कॉल लागलाच नाही. सोमवारी वकिलांचा फोन आला — तो नालायक बाप तिकडचा फ्लॅट सोडून जुईला घेऊन कुठेतरी निघून गेलाय.

तिकडचे पोलीस शोधताहेत. हे सगळं काय आहे, मला अजूनही सांगता येत नाही. उद्या शनिवार. या खेपेला तवा मीच ठेवणार आहे. देवा, आमच्या घरात कुणालाही ठसका लागू नये.