मानपत्रातला चष्मा

माझे मामा चष्म्याचं दुकान चालवतात आणि लोक त्यांना डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला ते प्रत्येकाला सांगायचे, "अहो, मी डॉक्टर नाही, नंबर काढतो फक्त." मग कंटाळले. आता अशी हाक आली की मुकाट्याने मान वर करतात. दुकान दोन खोल्यांचं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे अंधारी खोली, तिथे फिरती खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दोन्हींच्या मधल्या दारात काच घासायचं मशीन आहे आणि त्या मशीनवर मी असते. मी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेज संपल्यावर "चार महिने ये मदतीला" म्हणाले होते, ते चार महिने अजून संपलेले नाहीत.

मामांना माणसं चष्म्यावरून लक्षात राहतात. नाव विचारलं तर डोकं खाजवत बसतील, पण "ते हो, डाव्या काचेला चरा असलेले, फ्रेम सारखी नाकावरून घसरते ते" असं म्हणून माणूस डोळ्यांपुढे उभा करतील. मामी म्हणते, "हे मला बघायला आले आणि माझी फ्रेम तेवढी बघून गेले." दुसरी खोड बोलण्याची. कुणी कुणासाठी काही चांगलं केल्याचं कळलं की ते मामांच्या पोटात राहत नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवता बसवता सगळं रंगवून सांगतात. गिऱ्हाईक बिचारं हलूही शकत नाही.

निदान पूर्वी सांगायचे. आता सांगत नाहीत. नंबर काढतात, पैसे घेतात, "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात, बस्स. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, हा मितभाषी माणूस आहे. मला ते ऐकून हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

बोलण्याच्या या खोडीमुळेच ते आमच्या शहरातल्या पुरस्कारांचे परीक्षक झाले होते. दरवर्षी स्वयंसेवी संस्थांना, छोट्या मंडळांना, गल्लीतल्या चार जणांनी चालवलेल्या कामांना हे पुरस्कार देतात. आलेल्या अर्जांतले निवडक परीक्षक आपसांत वाटून घेतात आणि प्रत्येकाने जाऊन प्रत्यक्ष काम बघून यायचं असतं. ज्याने काम बघितलं, त्यानेच जिंकणाऱ्याचं मानपत्र लिहायचं, असा तिथला शिरस्ता. ते मानपत्र समारंभात मोठ्याने वाचतात. बाकीच्या परीक्षकांना, म्हणजे निवृत्त प्राचार्य, बँकेतले साहेब वगैरे मंडळींना, हे लिहिणं म्हणजे डोक्याला ताप. मामांना मात्र त्याचीच हौस. मी मशीनवर असताना वाक्य घेऊन यायचे.

"कसं वाटतं?"

"छान."

"नुसतं छान?"

"फारच छान हो मामा. आता सरका, काच फुटेल माझी."

त्या वर्षी त्यांच्या वाट्याला चादरवाल्या ताई आल्या. ही बाई पूर्वी दवाखान्यात आया होती. एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं शहरात किती असतात, हे तिला तिथे कळलं. त्यांना जेवण द्यायला कुणी ना कुणी मिळतं, पण ओल्या झालेल्या, घाण झालेल्या चादरी धुवायला कोण येणार? ताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी घरोघरी जाऊन त्या चादरी गोळा करायच्या आणि धुतलेल्या परत अंथरून द्यायच्या. संस्थेला धड नावही नव्हतं.

मामा बघायला निघाले तेव्हा मीही गेले, कारण स्कूटर मी चालवते. ताईंच्या पुढच्या खोलीत घड्या घातलेल्या चादरींचे ढीग होते आणि बसायला एकच खुर्ची. मामांनी विचारलं, "एवढं सगळं धुता कुठे?" ताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चला, दाखवते. पण तिथे परीक्षक म्हणून सांगू नका हं, ते बावरतील. मी ओळखीचे चष्मेवाले डॉक्टर म्हणून सांगते."

त्यांनी आम्हाला एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराने लाँड्रीत नेलं. आत वाफच वाफ. माणसाएवढी मशीनं घरघरत होती आणि फरशी ओली होती. तिथला मुख्य माणूस उंच, वाकलेला, पन्नाशी उलटलेला. हॉटेलचं काम संपलं की शेवटी एक मशीन रिकामं असायचं, त्यात तो ताईंच्या चादरी कढत पाण्यात धुऊन द्यायचा. हॉटेलच्या चादरींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर त्याने निळ्या दोऱ्याचे टाके घातले होते. एका आजींचा एक टाका, दुसऱ्या आजोबांचे दोन.

मामांचं लक्ष अर्थातच त्याच्या चष्म्याकडे. जाड काचा, आणि उजवी दांडी त्याच निळ्या दोऱ्याने फ्रेमला बांधलेली.

"स्क्रू गंजला वाटतं?" मामा म्हणाले. "दुकानात या एकदा. दोन मिनिटांचं काम आहे."

"वाफेत स्क्रू टिकत नाही, डॉक्टर. दोरा टिकतो," तो हसून म्हणाला.

बाहेर आल्यावर ताईंनी मामांना थांबवलं. "यांचं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका. वर कुणाला माहीत नाही. पाहुण्यांच्या चादरी जिथे धुतात तिथे आमच्या धुतात म्हटल्यावर कुणाला चालेल? नोकरी जाईल त्यांची."

"नाव येणार नाही. शब्द देतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी तो मनापासून दिला होता. ते मी शपथेवर सांगेन.

परीक्षकांच्या बैठकीत सगळ्यांचा कल एका मोठ्या संस्थेकडे होता. तिने कामाची फिल्म करून पाठवली होती, मागे संगीत वगैरे. मामांकडे फिल्म नव्हती, तोंड होतं. त्यांनी लाँड्रीतली वाफ, टाके, तो माणूस, सगळं असं सांगितलं की बँकेतल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुरस्कार ताईंना मिळाला. घरी आल्यावर मामा इतके खूश, की मामीला म्हणाले, "आज मी खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडलो."

मग मानपत्र. चार दिवस ते लिहीत होते. एक दिवस दुपारी मशीनपाशी येऊन त्यांनी वाचलं: "शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात एक माणूस ज्या निळ्या दोऱ्याने म्हाताऱ्यांच्या चादरी ओळखतो, त्याच दोऱ्याने त्याच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी बांधलेली आहे."

माझ्या अंगावर काटा आला. तरी मी विचारलं, "मामा, हॉटेलचं कशाला लिहिलंत?"

"नाव कुठे आहे? हॉटेलचं नाही, त्याचंही नाही. मोठी हॉटेलं काय कमी आहेत गावात?" मग जरा हिरमुसून म्हणाले, "सगळ्यात चांगलं वाक्य आहे गं ते."

होतंच ते सगळ्यात चांगलं. समारंभात निवेदिकेने ते वाचलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या हॉटेलचे मॅनेजर आमंत्रितांत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते, मी बघितलं. ताई मंचावर होत्या. त्यांनी हात मांडीवरून उचलले नाहीत. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "भारावून गेल्यात बिचाऱ्या."

त्याच आठवड्यात ताई दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

"त्यांना घरी बसवलं, डॉक्टर."

मामांच्या हातातली फ्रेम हातातच राहिली. "पण मी नाव लिहिलं नव्हतं हो."

"नाव कशाला लागतं? तसा चष्मा आहे का कुणाचा दुसऱ्या?" ताई ओरडल्या नाहीत, हेच वाईट. "मी भेटायला गेले तर दार लावून घेतलं त्यांनी. माझं तोंड बघायला तयार नाहीत. आणि चादरी आम्ही आता घरी हाताने धुतो. निम्म्या घरांना नाही म्हणून सांगावं लागलं."

दुसऱ्या दिवशी मामा दुकान माझ्यावर सोपवून हॉटेलात गेले. मॅनेजर अगदी नम्रपणे बोलले म्हणे. मामांनी सरळ सांगितलं, ते वाक्य मी मनानेच रचलं होतं, लाँड्रीतल्या त्या माणसाचा काही संबंध नाही, हवं तर लिहून देतो. मॅनेजर म्हणाले, "मी त्यांना बोलावून विचारलं. ते एका शब्दात हो म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, मग तुम्ही कशाला बोलता?" वर म्हणाले, मानपत्र फार सुंदर लिहिलं होतं.

मामा घरी आले ते थेट झोपायच्या खोलीत गेले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "मला टाळ्या हव्या होत्या गं. ताईंसाठी नाही, वाक्यासाठी. मी शब्द पाळला असं मला वाटत होतं. कसला पाळला? नाव गाळलं आणि अख्खा माणूस उचलून ठेवला तिथे."

"मग जाऊन त्यांना सांगा तसं," मी म्हणाले.

"सांगतो."

पण गेले नाहीत. त्या माणसाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा स्कूटरवरून आले माझ्याबरोबर, आणि दोन्ही वेळा "आज नको" म्हणाले. दुसऱ्यांदा मी चिडले. भर रस्त्यात म्हणाले, "लिहायला चार दिवस बसलात, सांगायला चार मिनिटं जड होतात?" मामांनी स्कूटर वळवायची खूण केली. परीक्षकपद त्यांनी सोडलं, प्राचार्यांनी खूप गळ घातली तरी ऐकलं नाही. मला वाटलं, हा सोपा मार्ग झाला. आजही वाटतं.

असे बरेच महिने गेले. परवा सकाळी दुकान उघडून मी कपाटं पुसत होते, तेवढ्यात दारात तो माणूस. चष्मा तोच, दोरा तोच, फक्त धुऊन धुऊन फिकट झालेला.

"डॉक्टर आहेत का? या म्हणाले होते एकदा."

मामा मागून आले आणि दारातच थबकले. मग "या, बसा," म्हणाले.

तो खुर्चीत बसला. एका ठिकाणी कामाला विचारायला जायचं होतं, तिथे बांधलेला चष्मा बरा दिसत नाही म्हणाला. मामांनी तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, काचा घालायला सुरुवात केली. लांबचं झालं. जवळचं वाचायला मामांनी कार्ड पुढे केलं, तर तो म्हणाला, "कार्ड राहू द्या, हे वाचायचंय मला." खिशातून वर्तमानपत्रात छापून आलेल्या मानपत्राचं घडी पडलेलं कात्रण काढलं. "माझ्यावर लिहिलंय म्हणे. सून वाचून दाखवते, पण मध्येच गाळते, मला वाईट वाटेल म्हणून."

मी मशीन बंद केलं.

मामा एक काच काढत होते, दुसरी घालत होते. "आता?" "धूसर आहे." "आता?" "जरा बरं." एक काच खाचेत बसेना, ती काढून त्यांनी पुन्हा घातली. "आता?"

"हां. आता अगदी स्पष्ट." आणि त्याने वाचलं. बोट ठेवून, सावकाश, निळ्या दोऱ्याचं ते सबंध वाक्य.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "कोणी लिहिलं असेल हो?"

मामा त्याच्या समोर खाली बसले. स्टूल नव्हतं, जमिनीवरच बसले. "मी. मी परीक्षक होतो. ताईंनी मला बजावलं होतं, तरी मी लिहिलं. त्यांचा काही दोष नाही. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

तो त्या गोल काचांमधून मामांकडे बघत राहिला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "मी समजत होतो, ताई बोलल्या. पुरस्कारासाठी सांगितलं कुणाला तरी. त्या आल्या तर मी दार लावलं त्यांच्या तोंडावर. तीन वेळा आल्या. वाटेत दिसल्या तरी मी रस्ता बदलतो."

त्याने फ्रेम हलक्या हाताने काढून मामांच्या हातात दिली, स्वतःचा चष्मा घातला, कात्रणाची घडी केली.

"मी येतो ताईंकडे. तुमच्याबरोबर," मामा उठत म्हणाले.

"नको. माझं मला बोलू द्या." दारापाशी तो वळला. "नंबर लिहून ठेवा तेवढा."

तो गेला. मामांनी नव्या गिऱ्हाइकाचं कार्ड पुढे ओढलं, उजव्या डोळ्याचा नंबर लिहिला, डाव्याचा लिहिला. मग पेन वरच्या ओळीवर नेलं आणि तसेच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"नाव," मामा म्हणाले. "त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही गं."