अर्ध्या बोटाची रेघ

देवाने माणसाच्या शरीरात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस, असं आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या गृहस्थांचं ठाम मत होतं. तीस वर्षं एका मेडिकल कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांना मृतदेहांच्या हातातल्या नसा दाखवल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर अख्खी सोसायटी त्यांच्या तावडीत सापडली. पाण्याच्या टँकरचं विचारायला जावं, तर ते आधी कोपर वाकवायला लावत, आतल्या हाडामागे टिचकी मारत आणि आपल्या करंगळीत झिणझिण्या आल्या की घरातलं कुणी बोर्डात आल्यासारखे खूश होत. मग बॉलपेनने करंगळीशेजारच्या बोटावर मधोमध उभी रेघ. "करंगळीकडची बाजू हिची, पलीकडची दुसरीची. एका बोटाला दोन मालकिणी." मेव्हण्याच्या साखरपुड्यात मी ती रेघ मिरवत जेवलो. वार्षिक सभेत त्यांनी सेक्रेटरींना अहवालाचा कागद सरळ अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात धरायला लावला आणि ओढला. सेक्रेटरींचा अंगठा वाकला. "नस थकली की माणूस असाच पेर वाकवून वेळ मारून नेतो," हे त्यांनी माईकवरून सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरचे सावंत पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांची पकड ढिली पडत चालली होती. डॉक्टरांनी मानेचा दोष सांगून पट्टा दिला होता, आणि महिनाअखेर मशीनवरून उतरा, असं मालकाने बजावलं होतं. गृहस्थांनी त्यांना जिन्यातच गाठलं, बोटावर रेघ ओढली, डोळे मिटायला लावले आणि कापूस फिरवला.

"करंगळीवर लागतोय?"

"नाय."

"रेघेच्या पलीकडे?"

"हां, तिथं लागतोय."

"पंजाच्या मागे, करंगळीकडे?"

"नाय."

"मनगटाच्या वर?"

"लागतोय की."

"मग मान निर्दोष आहे. मानेचं असतं तर अख्खं बोट गेलं असतं, मनगटाच्या वरचा हातही बधिरला असता. पंजाच्या मागे जाणारी फांदी मनगटाआधीच फुटते, तीही बधिर आहे, म्हणजे दोष मनगटातही नाही. कोपर कुठे टेकता?"

"मशीनच्या पत्र्यावर. बारा वर्षं झाली." सावंतांनी डोळे उघडले. "काका, तुमी डॉक्टर आहात ना नक्की?"

"नाही. म्हणून तर औषध देत नाही, चिठ्ठी देतो."

चिठ्ठी एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने होती, जो आता हातांची ऑपरेशनं करत होता. मी सावंतांना बाजूला घेऊन म्हणालो, मनावर घेऊ नका, म्हातारा सगळ्यांनाच छळतो. सावंतांनी माझं ऐकलं नाही, हे त्यांचं नशीब. नस कोपरातच दबली होती. ऑपरेशन करून ती मोकळी केली, आणि हात सुधारेपर्यंत मालकाने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

काही महिन्यांनी सावंत पुन्हा लेथवर उभे राहिले आणि त्याच संध्याकाळी हात दाखवायला आले. मीही तिथेच होतो. आता व्याख्यान होणार म्हणून घड्याळ बघत होतो. गृहस्थांनी तो हात नुसता दोन्ही हातांत घेतला आणि धरूनच ठेवला. सावंत अवघडले.

"काका, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "गरम आहे. सवय नाही मला."