बाबांच्या हातून तुटलेला देवदूताचा पंख

जुन्या गोव्यातल्या एका चर्चमध्ये एका देवदूताचा पंख मोडून जोडलेला आहे. तो माझ्या बाबांच्या हातून मोडला.

काल दुपारी बाबा गेले.
आमच्या गावी, अनसिंगला, घरासमोरच्या शेडमध्ये, पेरणीच्या तिफणीचे फण बसवता बसवता. हार्ट अटॅक. वाशिमच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

बाबा सुतार. दारं, खिडक्या, तिफणी, देवळांचे दरवाजे. आयुष्यभर हेच.

मी जुन्या लाकडी कामाच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि गोव्यात नोकरीला लागले. त्या चर्चची मुख्य वेदी वाळवीने खाल्ली होती. पोर्तुगीज काळातलं बरोक काम. जमिनीपासून छतापर्यंत कोरीव लाकूड, वर सोन्याचा वर्ख. दोरखंडासारखे पिळलेले खांब, त्यांवर द्राक्षांचे वेल, मधे मधे गुबगुबीत देवदूत.

टीमला सागवानावर हात बसलेला सुतार हवा होता. मी ज्युनिअर, तरी धीर करून बाबांचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी बाबांनी वेदीवरच्या देवदूतांकडे बोट दाखवलं.

"हे पोट्टे तं आपल्याकडचेच दिसतात वं. गाल पाह्य त्याईचे."

"कोरणारे इकडचेच होते, बाबा."

"मंग नाव कुठी लिवलं त्याईचं?"

"नाही लिहिलं."

"कायले नाई?"

बाबा कामाला लागले.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं.
सगळे जेवायला गेले होते. बाबा परांचीवर उभं राहून खांबाची फट बुजवत होते, मी खाली. वळताना त्यांचा खांदा शेजारच्या देवदूताला लागला. कट्कन आवाज झाला.
पंखाचं टोक त्यांच्या हातात होतं.

मी धावत वर गेले.

"बाबा, कोणी पाह्यलं नाई. आता चिकटवून टाकू. कोनाले समजनार बी नाई."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली.

"तू हेच शिकून राह्यली का इथी?"

"माझी नोकरी जाईल, बाबा!"

"जाऊ दे. मोडलं मी. सांगनार बी मीच."

आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम जेवून आल्या तेव्हा बाबा तुकडा ओंजळीत धरून दारातच उभे होते. मोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "रिपोर्ट में मेरा नाम लिखो. लडकी का नहीं."

मॅडम भयंकर चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. बाबांना कोरीव कामावरून काढलं आणि परांचीच्या फळ्या ठोकायला लावलं.
बाबांनी दोन आठवडे फळ्या ठोकल्या. तक्रार नाही.
मी त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाही. डबा ठेवायचे आणि निघून जायचे.

मग एका पिळदार खांबाचा प्रश्न आला. आतून पूर्ण पोकळ, बाहेर फक्त वर्खाचं कवच. दोन कारागिरांनी नाही म्हटलं. मॅडम स्वतः फळ्यांपाशी आल्या.

"बाबा, आप करोगे?"

बाबांनी बोटाने खांब वाजवून पाहिला. मग आतली कुजकी लाकडं चिमटीचिमटीने काढून त्यांनी नवा सागवान बसवला. अकरा दिवस लागले. वर्खाचा एक कपचाही उडाला नाही. त्यानंतर मॅडमनी त्यांच्याकडूनच तो पंख जोडून घेतला. जोड दिसतो. तो लपवायचा नसतो, हा आमच्या कामाचा नियम.

माझी नोकरी गेली नाही.

काम संपल्यावर बाबा गावी परतले. गोव्याचं कोणी विचारलं तर खांबाचं सांगायचे नाहीत, आधी पंखाचंच सांगायचे. मला लाज वाटायची. एकदा चिडून म्हटलंही, "बाबा, ते काहून सांगता सगळ्यांले?"
"झालं ते झालं ना वं," एवढंच म्हणाले.

आता माझ्या हाताखाली चार जणं काम करतात. काही मोडलं तर ते न घाबरता माझ्याकडे येतात.

बाबा, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. मी चुकले होते.
हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. फोनवर रोज बोलायचो, तरी राहून गेलं.

तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.