पान कोरं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत माझं इंटरनेटचं दुकान होतं, आणि तिथं मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मुलीविषयी खोटं सांगितलं. चुकून नाही. समजून उमजून.

दुकान म्हणजे एक गाळा, थोडे कॉम्प्युटर आणि टेलिफोनची एकच लाइन. प्रत्येक मशीनवर दोन ब्राउझर ठेवावे लागत, कारण काही पानं एकातच नीट उघडत, काही दुसऱ्यातच. खरा वैताग प्लगइनचा. पानावर आवाज असला तर तो वाजवायला ब्राउझरला ही पुरवणी जोडावी लागे. ती सारखी जुनी व्हायची. एका ब्राउझरला नवी घातली तरी दुसऱ्याला तिचा पत्ता नसे. त्याच्यासाठी पुन्हा वेगळी उतरवून घ्यायची. दुपारभर लाइन अडकून पडे आणि काम संपत आलं की तुटे. मग पहिल्यापासून.

त्यात माझा कशावर विश्वास नव्हता. एका गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसनं माझं एक मशीन पुरतं धुऊन काढलं होतं. तेव्हापासून 'नवी आवृत्ती आली आहे, घ्या' अशी चौकट पडद्यावर आली, की दागिने उजळून देतो म्हणत दारावर येणाऱ्यांकडे आई जशी बघायची, तसा मी तिच्याकडे बघायचो. फुकट का देतोय? बदल्यात काय नेतोय? मी नको म्हणायचो. चौकट जायची.

ते काका इस्लामपूरहून एस.टी.नं आले. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या काट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. वजन होताना कुणी हळूच काट्यावर पाय तर ठेवत नाही ना, हे बघण्यात त्यांची हयात गेली होती. नजर काही निवृत्त झाली नव्हती. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं.

"तुमचं हाय भिंतीवर. ह्ये आपलं असू द्या."

पैसे मी वेळेच्या हिशेबानं घ्यायचो. वेळ वाढवून लावीन, असं त्यांना वाटत होतं. मला ते लागलं.

त्यांच्या मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि नवऱ्याबरोबर ती अमेरिकेत होती. फोन यायचा, पण घाईचा. "ती बोलती तवा मागं कोनतरी खाकरतंय," काका म्हणाले. "तो हुबा राहून ऐकतो. पोरगी मोकळं बोलंल कशी?" या खेपेला तिनं फोनवरून एक पत्ता उतरवून घ्यायला लावला होता. तिथं माझ्या आवाजात निरोप ठेवलाय, ऐका आणि मग मला कळवा, म्हणाली होती.

मी पत्ता टाकला. पान उघडलं आणि ती चौकट आली. हा आवाज ऐकायला प्लगइनची नवी आवृत्ती लागेल, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं. मला कळलं. मग माझी नजर त्या घड्याळावर गेली, आणि मी नको म्हणून टाकलं. पानावर तिचं नाव आणि आवाजाच्या जागी एक करडा चौकोन राहिला.

"काय म्हनती?"

"काका, पान कोरं आहे."

"कोरं म्हंजी?"

"काही ठेवलेलंच नाही तिनं."

"बगा की नीट. माझा आवाज यील म्हनली हुती."

मी नीट बघितलं. म्हणजे दुसरा ब्राउझर उघडून त्यांच्यादेखत तोच पत्ता टाकला. तिथंही प्लगइन जुनंच आहे, हे मला माहीत होतं.

"असतं तर वाजलं नसतं का?" मी म्हणालो.

"वाजलं असतं," ते हळू म्हणाले. "त्येनं ठिवू दिलं नसंल."

काही दिवसांनी ते पुन्हा आले. "तिला इचारलं. आप्पा, हाय तिथं, म्हनली. मी म्हनलो, मानसानं दोन-दोन खिडक्यांत उगडून दावलंय. गाडी काट्यावर आलीच न्हाई आन् तू मला वजन सांगतीस व्हय? रडली. फोन ठिवला तिनं." मग म्हणाले, "आता तरी हाय का, बगा बरं."

मी पुन्हा दोन्हीत उघडलं. पुन्हा नाही म्हणालो. त्या खेपेला त्यांनी घड्याळ काढलं नव्हतं.

पुढं एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं मला न विचारता एका मशीनवर नवं प्लगइन घातलं. मी तिला झापलं. "सर, तुमच्याकडं काही वाजतच नाही," ती म्हणाली, पैसे ठेवले आणि गेली. हिनं आणखी काय घुसवलं असेल, या संशयानं मी त्या मशीनवर बसलो. तपासायला आवाजाचं एखादं पान हवं होतं. मला पाठ असलेला पत्ता एकच होता.

"आप्पा," बाईचा आवाज आला, "फोनवर हे बोलवत नाही. दिवाळीला आम्ही दोघं येतोय. घरी येऊ का, एवढंच सांगा. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही." मागं कुणीतरी खाकरलं आणि एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "माझा नमस्कार सांग."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगतो. हिनं हे आत्ता ठेवलं असेल, तेव्हा नसेलच. तसं निघालं असतं तर मी सुटलो असतो. म्हणून तेच पान त्याच मशीनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. तिथं तोच करडा चौकोन होता आणि तीच चौकट. म्हणजे आवाज तेव्हाही तिथंच होता.

दिवाळीच्या आधी मी इस्लामपूरला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. काका स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर भेटले. मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजाऱ्याला माझी ओळख करून दिली.

"सांगलीचं दुकानवालं ह्येच. दोन खिडक्यांत उगडून दावनारा मानूस. एवढं कोन करतंय आजकाल?"

"आन् ह्येनं घड्याळ काढून ठिवलं असंल तुमच्यापुढं," शेजारी मला म्हणाला.

"पयल्यांदा ठिवलं हुतं," काका म्हणाले. "मानूस कळला, मग न्हाई ठिवलं."

मी चहा प्यालो आणि पुढच्या गाडीनं परत आलो.

मुलगी त्या दिवाळीला आली नाही, एवढं नंतर कानावर आलं. दुकानातल्या सगळ्या मशीनवर, दोन्ही ब्राउझरमध्ये, मी प्लगइन नवी ठेवू लागलो. चौकट आली की लगेच हो म्हणायचो. त्याचा कुणाला काय उपयोग? पुढं ते पानही बंद झालं. दुकान विकून मी साताऱ्याला आलो. काका वारल्याचं इथंच कळलं.

मुलीला वाटत असणार, आप्पांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तसं झालं नाही. ते दोनदा ऐकायला आले होते. मी ऐकू दिलं नाही. तिला शोधून हे तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.